व्हिडिओ खेळाचें दर्शनी चित्र

वेष्टनावर भुलूं नये, आंतील वस्तु पाहावी, असें आपण मुलांस नित्य सांगतों. उपदेश चांगला आहे. परंतु ज्या दुकानांत वेष्टन उघडण्यापूर्वींच शेंकडों वस्तु डोळ्यांपुढून सरकून जातात, तेथें आपली वस्तु मांडणाऱ्यानें काय करावें? संगणकावरील व्हिडिओ खेळ रचणाऱ्या तरुणांपुढें आज हा प्रश्न आहे. आपल्या वरच्या वर्गांतील कांहीं विद्यार्थी 'गोडो'सारख्या विनामूल्य साधनानें लहानसहान खेळ तयार करूं लागले आहेत. तेव्हां त्याचा विचार आपल्या वार्षिकांत करणें अप्रस्तुत होणार नाहीं. ज्या पालकांस खेळ हा विषयच शाळेच्या अंकांत नकोसा वाटेल, त्यांनीं एवढेंच ध्यानांत घ्यावें कीं, येथें प्रश्न खेळण्याचा नसून, स्वतः निर्माण केलेली वस्तु परक्या मनुष्यापुढें प्रामाणिकपणें ठेवण्याचा आहे.

दुकानाच्या यादींत प्रत्येक खेळाच्या नांवाजवळ जें लहानसें चित्र असतें, त्यास थंबनेल म्हणतात. या शब्दाचा अर्थच अंगठ्याचें नख. मी त्यास दर्शनी चित्र म्हणतों. एकट्यानें किंवा दोघाचौघांनीं पदरमोड करून रचलेल्या खेळांस इंडी खेळ असें नांव पडलें आहे, व अशा खेळांस या चित्राचा आधार फार. मोठ्या कंपनीचा खेळ बाजारांत येण्यापूर्वींच त्याचा डांगोरा पिटलेला असतो. इंडी कर्त्याच्या पदरीं तें एवढेंसें चित्रच असतें. संगणकाच्या खेळांचें सर्वांत मोठें दुकान जें स्टीम, तेथें २०१७ पासून १०० डॉलर भरून कोणासहि आपला खेळ मांडतां येतो, आणि अलीकडे दरवर्षीं १०,००० हून अधिक नवे खेळ तेथें येतात. म्हणजे दिवसास २७ तरी झाले. या गर्दींत दोन वर्षांच्या श्रमांस अर्ध्या क्षणाची एक नजर मिळते.

त्या दुकानाच्या शोधयादींत हें चित्र १२० पिक्सेल रुंद व ४५ पिक्सेल उंच इतकें आकुंचन पावतें. पिक्सेल म्हणजे पडद्यावरील प्रकाशाचा एक ठिपका. साध्या पडद्यावर तें काड्यापेटीवरच्या चित्राहूनहि लहान भरतें. काड्यापेटीचीं चित्रें काढणाऱ्या जुन्या कारागिरांस जें उमगलें होतें, तें आजच्या कित्येक हौशी चित्रकारांस उमगलेलें दिसत नाहीं. पेटीवर एक घोडा, नाहीं तर एक वाघ, नाहीं तर एक किल्ली. मागें एकच सपाट रंग. अक्षरओळख नसलेलें गिऱ्हाईक 'अमुक छाप' म्हणून माल मागे व त्यास तो बरोबर मिळे.

गेल्या वर्षीं आमच्या कांहीं मुलांनीं रचलेल्या खेळाचें चित्र मीं पाहिलें. त्यांत सात पात्रें, एक किल्ला, पाऊस, वीज, आणि वेलबुट्टीच्या अक्षरांत नांव. मोठ्या पडद्यावर तें खरोखर सुरेख दिसे. मोबाइलवर नखाएवढें करतांच सगळ्याचा करडा लगदा झाला. मग मुलांनीं सहा पात्रें काढून टाकलीं, पाऊस थांबविला, आणि दोरीस लोंबकळणारा एकच मुलगा ठेवला; कारण त्या खेळांत दोरीवर झोके घेत दऱ्या ओलांडावयाच्या असतात. रेखाटण्याचें कौशल्य होतें तेवढेंच राहिलें, पण चित्र बोलूं लागलें.

आकृति निव्वळ काळी करून पाहिली तरी ओळखूं यावी, ही पहिली कसोटी. ऑस्ट्रेलियांतील टीम चेरी या लहानशा मंडळीचा 'हॉलो नाइट' हा खेळ २०१७ सालीं निघाला. त्याच्या नायकास पांढरा मुखवटा, दोन काळे डोळे व दोन शिंगें, याहून अधिक कांहीं चेहरा नाहीं. म्हणूनच तो कितीहि लहान केला तरी हरवत नाहीं. दुसरी कसोटी उजेडाची. चित्रांतील रंग काढून तें केवळ काळेंपांढरें करावें. नायक मागच्या देखाव्यांत बुडाला, तर रंगांनीं त्यास वांचविलें होतें एवढेंच सिद्ध होतें. स्टीमच्या दुकानाची भिंत गडद निळसर आहे, हेंहि चित्रकारानें विसरूं नये. रात्रीच्या देखाव्याचीं चित्रें तेथें भिंतींतच विरघळतात. शेवटीं तें चित्र इतर वीस खेळांच्या चित्रांत ठेवावें आणि धाकट्या भावंडास विचारावें, "यांत काय करावयाचें असेल?" त्याचें उत्तर चुकलें तर चित्र चुकलें, भावंडास रागें भरूं नये.

येथवर कौशल्य झालें. खरा वादाचा मुद्दा पुढेंच आहे. चित्र खेळाहून अधिक सुंदर असावें काय? १९७७ सालीं निघालेल्या अटारीच्या यंत्राचे खेळ पेट्यांत येत, व त्या पेट्यांवर कसलेल्या चित्रकारांचीं रंगचित्रें असत. १९८० च्या 'अ‍ॅडव्हेंचर' या खेळाच्या पेटीवर किल्ला व अजगरासारखे अग्निसर्प होते. पडद्यावर मात्र नायक म्हणजे एक चौकोनी ठिपका, आणि तो भयंकर सर्प बदकासारखा दिसे! ही फसवणूक होती काय? माझ्या मतें नव्हती. पेटीवर जो किल्ला होता तो आंतहि होता, जो सर्प होता तो आंतहि अंगावर येई. त्या यंत्राच्या बेताच्या शक्तीस जें रेखाटतां येत नव्हतें, तें मुलानें मनांत कसें पाहावें हें चित्रानें सांगितलें. याच्या उलट १९८७ च्या 'मेगा मॅन' या जपानी खेळाची अमेरिकन पेटी पाहा. खेळांत निळा यंत्रबालक आहे, व त्याचा हातच तोफ बनतो; पेटीवर निळ्यापिवळ्या पोशाखांतील एक प्रौढ गृहस्थ साधें पिस्तूल धरून उभा आहे. तें चित्र पुढें कायमचा थट्टेचा विषय झालें. चित्रानें खेळाचें रूप खुलविण्यास माझी हरकत नाहीं. खेळांत खेळणारानें जें करावयाचें, तें मात्र बदललें जाऊं नये. कोड्याच्या शांत खेळावर तलवार चमकविणारा कर्ता दोन माणसांस फसवितो: तलवार शोधणारास, आणि ज्यास कोडें हवें होतें पण जो तलवार पाहून पुढें गेला त्यास.

व्यापारांत थोडें असेंच चालावयाचें, असें म्हणणारे सद्गृहस्थ भेटतील. त्यांस व्यापाराचीच भाषा सांगावी. स्टीमवर २०१५ पासून, विकत घेतल्यावर १४ दिवसांच्या आंत व २ तासांहून कमी खेळला असल्यास खेळ परत देऊन पैसे मागतां येतात. खोट्या चित्रानें आलेलें गिऱ्हाईक तासाभरांत पैसे घेऊन जातें, आणि जातांना चार कडू शब्द लिहून जातें. चित्रावर परीक्षणांचे गुण, पारितोषिकांचीं नांवें व सवलतीच्या घोषणा चिकटविण्याचीहि मध्यंतरीं चाल पडली होती. १ सप्टेंबर २०२२ पासून स्टीमनें ती बंद केली, व चित्रावर खेळाचें नांव आणि त्याचें उपशीर्षक एवढ्याच अक्षरांस मुभा ठेवली. दुकानदारानें चित्रकारावर केलेला हा उपकारच म्हणावा लागेल.

यंत्राकडून क्षणांत चित्र काढून घेण्याची सोय आतां झाली आहे. स्टीमनें २०२४ पासून असें साहाय्य जाहीर करणें आवश्यक केलें, तें योग्यच. माझा आक्षेप निराळा आहे: तुमच्या खेळांत खेळणारा काय करतो हें त्या यंत्रास ठाऊक नसतें, म्हणून तें गुळगुळीत चेहरा देतें, कृति देत नाहीं. ज्यास चित्र काढतां येत नाहीं, त्यानें चित्रकारास प्रथम आपला खेळ खेळावयास द्यावा, मग कुंचला उचलण्यास सांगावें, आणि योग्य मोबदला द्यावा. पालकांनींहि लक्षांत ठेवावें कीं, वहीच्या समासांत आकृत्या काढणाऱ्या मुलीस येथें एक प्रतिष्ठित काम आहे.

पुण्यांतील नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळीचा 'राजी' हा खेळ २०२० सालीं निघाला. हरवलेल्या भावाच्या शोधांत निघालेली बहीण ही त्याची नायिका, व तिच्या हातीं त्रिशूळ. मुलगी आणि त्रिशूळ, एवढी आकृति दुभाष्यावांचून कोणत्याहि देशांत ओळखूं येते. नांवाची गोष्ट तशी नाहीं. जे विद्यार्थी आपल्या खेळाचें नांव मराठींत ठेवूं इच्छितात, त्यांनीं तीन-चार अक्षरांचें ठेवावें, जोडाक्षरें टाळावीं, आणि अक्षरें जाड काढावीं. लहान आकारांत प्रथम अनुस्वार नाहींसा होतो, मग वेलांट्या, आणि शेवटीं शिरोरेषेखालीं नुसते काळे खांब उरतात.