धरणीकंप आणि पापाचा हिशेब

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजण्याच्या किंचित आधी, लातूर आणि आजचा धाराशिव या दोन जिल्ह्यांतील गावेच्या गावे काही सेकंदांत मातीला मिळाली. आदला दिवस अनंत चतुर्दशीचा. गणपतीचे विसर्जन करून लोक उशिरा निजले होते. काही दिवसांनी मदतकार्यासाठी आम्ही काहीजण औसा तालुक्यातील एका गावी गेलो, तेव्हा दगडांच्या ढिगाऱ्यापाशी बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईने आम्हांला विचारले, ‘‘लेकरांनो, आमचं काय चुकलं व्हतं? त्याच रातीला तर देवाला वाजतगाजत पोचवून आल्तो.’’ आमच्यातला एक तरुण सहकारी विज्ञानाचा पदवीधर होता. त्याने जमिनीच्या पोटातील ताण, खडकांतील भेगा वगैरे तिला समजेल अशा भाषेत सांगितले. तिने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हटले, ‘‘आसंल बाबा. पण माझीच नातवंडं का?’’ यावर आमच्यापैकी कोणाजवळही उत्तर नव्हते.

असे प्रश्न आपल्या चळवळीत सहसा बाजूला सारले जातात. पोटाचे प्रश्न सुटले म्हणजे हे प्रश्न आपोआप विरून जातील, अशी आपली एक सोयीस्कर समजूत आहे. मला ती पटत नाही. निरपराधाच्या वाट्याला दुःख का येते, हा प्रश्न धर्म, तत्त्वज्ञान आणि विज्ञान यांच्यामध्ये शतकानुशतके वादाचा राहिला आहे. त्याला कोण कसे उत्तर देतो, यावर समाजातील दुबळ्यांचे भवितव्य पुष्कळदा ठरत आलेले आहे.

१ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, पोर्तुगालची राजधानी लिस्बन भूकंप, सागरी लाटा आणि आग यांनी उद्ध्वस्त झाली. माणसे प्रार्थनेसाठी चर्चमध्ये जमली असताना चर्चची छपरे त्यांच्यावर कोसळली. हे जग ईश्वराने निर्मिलेल्या जगांपैकी शक्य तितके उत्तम आहे, असे मानणाऱ्या तत्त्वज्ञानावर व्हॉल्तेरने तेव्हा कठोर प्रहार केला. त्याला रूसोने १७५६ साली पत्राने जे उत्तर दिले, त्यातला एक मुद्दा समाजवाद्याने विसरू नये. सहा-सात मजल्यांची हजारो घरे एकाच ठिकाणी निसर्गाने बांधली नव्हती, ती माणसाने बांधली होती, असे रूसोचे म्हणणे होते. ईश्वराच्या न्यायाचा प्रश्न त्याने क्षणभर का होईना, माणसाच्या दारात आणून उभा केला.

त्याच लिस्बनमध्ये मालाग्रिदा नावाचा जेझुइट धर्मगुरू सांगत होता की, भूकंपाला नैसर्गिक कारण नाही, हे पापाचे शासन आहे, म्हणून घरे बांधण्यापेक्षा आधी प्रायश्चित्त घ्या. मुख्यमंत्री पोंबाल दुसऱ्या बाजूचा. त्याने गावोगावच्या धर्मगुरूंना प्रश्नावली धाडली : धक्का किती वेळ टिकला, माणसे किती मेली, समुद्र चढला की ओसरला? भूकंपाच्या शास्त्रीय अभ्यासाच्या आरंभीच्या प्रयत्नांत या प्रश्नावलीची गणना होते. परंतु १७६१ साली मालाग्रिदाला पाखंडी ठरवून गळा आवळून मारण्यात आले आणि त्यामागे याच पोंबालचा हात होता. बुद्धीचा कैवार घेणारी सत्ता बुद्धीनेच वागेल, असा भरवसा नसतो, हेही या इतिहासातून शिकण्यासारखे आहे.

आपल्याकडील वाद याहून सुसंस्कृत रीतीने झाला. १५ जानेवारी १९३४ च्या भूकंपात बिहार आणि नेपाळ मिळून दहा हजारांहून अधिक माणसे गेली. मुंगेर शहर भुईसपाट झाले. गांधीजी त्या वेळी अस्पृश्यतानिवारणाच्या यात्रेवर दक्षिणेत होते. हा भूकंप म्हणजे अस्पृश्यतेच्या पापाबद्दल ईश्वराने केलेले शासन होय, असे ते म्हणाले. रवींद्रनाथ ठाकूर अस्वस्थ झाले. भौतिक उत्पाताची कारणे भौतिकच असतात, हा त्यांच्या आक्षेपाचा एक भाग. दुसरा भाग मला अधिक मोलाचा वाटतो. ही विचारसरणी गांधीजींपेक्षा त्यांच्या विरोधकांनाच अधिक मानवणारी आहे, अस्पृश्यांना मंदिरात नेण्याच्या पापामुळेच देव कोपला, असे उद्या तेही म्हणू शकतील, असा त्याचा आशय होता. त्याच यात्रेत २५ जून १९३४ रोजी पुण्यात गांधीजींच्या स्वागताच्या वेळी बॉम्ब फेकला गेला, हे लक्षात घेतले म्हणजे विरोधकांचा क्रोध केवढा होता हे कळते.

गांधीजींनी रवींद्रनाथांचे निवेदन ‘हरिजन’मध्ये छापले आणि सोबत आपले उत्तर दिले. पाप आणि भूकंप यांचा संबंध आपण सिद्ध करू शकत नाही, पण तो आपल्याला आतून जाणवतो, अशी प्रांजळ कबुली त्यात होती. त्यांचा हेतू उदात्त होता. हे पाप त्यांनी सवर्णांचे, म्हणजे स्वतःच्याच समाजाचे मानले होते. तरीही या वादात रवींद्रनाथांची बाजू खरी होती, असे मला वाटते. जवाहरलाल नेहरूंनीही आत्मचरित्रात तोच कौल दिला आहे. मुंगेरच्या ढिगाऱ्याखाली गाडले गेलेले बालक अस्पृश्यता पाळत नव्हते, आणि त्याच ढिगाऱ्याखाली अस्पृश्यही होते. त्यांना कोणत्या पापाची शिक्षा झाली? हेतू कितीही शुद्ध असला, तरी दुसऱ्याच्या दुःखाला ‘शासन’ म्हणण्याचा अधिकार कोणालाही पोचत नाही. त्या भूकंपानंतर चार महिन्यांनी, १७ मे रोजी, त्याच बिहारच्या पाटण्यात काँग्रेस समाजवादी पक्षाची पायाभरणी झाली. पापपुण्याच्या हिशेबाऐवजी समाजरचनेचा हिशेब मांडू पाहणारी ती माणसे होती.

हा हिशेब का मांडावा लागतो, हे डॉ. आंबेडकरांनी सर्वांत स्पष्टपणे सांगितले. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या त्यांच्या निधनानंतर, १९५७ साली, प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी गतजन्मीच्या कर्माचा सिद्धांत तपासला आहे. त्यांचा निष्कर्ष असा की, गरीब व हीनदीन माणसांच्या दशेची जबाबदारी समाजाला आणि राज्याला टाळता यावी, याखेरीज या सिद्धांताचा दुसरा उपयोग दिसत नाही. म्हणजे ‘का?’ या प्रश्नाला दिलेले चुकीचे उत्तर हे नुसते अज्ञान नसते. त्याचा लाभ कोणाला तरी मिळत असतो.

किल्लारीला हे उत्तर लावून पाहू. तिथे माणसे मेली ती बहुतांशी घरांमुळे. जाड दगडी भिंती, सांध्यांत नुसती माती आणि डोक्यावर मातीचे जड माळवद. गवताच्या हलक्या छपराखाली झोपलेली माणसे पुष्कळ ठिकाणी बचावली. भक्कम वाडा हे ज्यांना पूर्वपुण्याईचे फळ वाटत होते, त्यांच्यावरच तो कोसळला. कर्मसिद्धांताला हे उलगडत नाही. आपल्या सोप्या वर्गीय ठोकताळ्यालाही उलगडत नाही, हेही मान्य केले पाहिजे.

विज्ञानाचाही अंदाज चुकला होता. त्या वेळच्या नकाशात हा मुलूख सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. परंतु २००२ साली तो नकाशा सुधारण्यात आला आणि तो पहिला विभागच रद्द झाला. चूक सापडली म्हणजे नकाशा बदलणे, ही विज्ञानाची थोरवी आहे. ग्रंथप्रामाण्याला हे जमत नाही, आणि कित्येकदा पक्षांच्या पोथ्यांनाही जमत नाही.

मात्र भूकंप ओसरल्यावर जे घडले, त्याला निसर्ग जबाबदार नव्हता. स्थलांतरित गावांत घरे दिली गेली ती जमीनधारणेप्रमाणे. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला २५० चौरस फूट, त्यावर सात हेक्टरपर्यंत ४००, आणि त्याहून मोठ्या जमीनदाराला ७५०. धरणीकंपाने कोणाचा सातबारा पाहिला नव्हता. पुनर्वसनाने तो पाहिला. इथे ‘आमचं काय चुकलं’ या प्रश्नाला नेमके उत्तर देता येते आणि ते मागण्यासाठी लढताही येते.

एवढ्याने सगळे प्रश्न मिटतात असे मी म्हणणार नाही. माणसाने चांगले का वागावे, याचे उत्तर जडवादाजवळ नाही, असे जयप्रकाशांनी १९५२ साली जाहीरपणे म्हटले, तेव्हा आपल्यापैकी अनेकजण दुखावले होते. जयप्रकाशांचा निष्कर्ष न पटणाऱ्यानेही त्यांचा प्रश्न टाळू नये. निसर्गात न्याय नाही, हे एकदा मान्य केले म्हणजे न्यायाचे सगळे ओझे माणसावर येऊन पडते. निसर्ग उदासीन असेल तर आपल्याला उदासीन राहण्याची मुभा उरत नाही. माझ्यापुरते चांगुलपणाचे एवढे कारण पुरेसे आहे. श्रद्धावान सहकाऱ्याला ते दुसरीकडे सापडले, तर माझे त्याच्याशी भांडण नाही. मालाग्रिदासारखा तो दुःखिताला दोषी ठरवू लागला, तर मात्र आहे.

त्या म्हातारीच्या दुसऱ्या प्रश्नाला आजही माझ्याजवळ उत्तर नाही. पहिल्याला होते, आणि खडकांविषयी बोलण्याआधी ते आम्ही द्यायला हवे होते : आजी, तुमचे काहीही चुकले नव्हते.