हैदराबादची गोळी आणि आजींची संध्याकाळ



येडेश्वरीच्या चैत्री यात्रेच्या सुमारास एक गृहस्थ आपल्या वृद्ध आईला घेऊन दवाखान्यात आले. लहानपणी यात्रेत चुनखडी वेचल्याची आठवण आजी बारकाव्यांसह सांगतात. पण तासाभरापूर्वी जेवल्याचे त्यांना स्मरत नाही. दिवेलागण झाली की ‘मला घरी जायचंय’ म्हणत त्या उंबरठ्याकडे धावतात आणि अडवणाऱ्या सुनेवर हात उगारतात. निदान अल्झायमर्सचे. चिरंजीवांनी विचारले, “डॉक्टरसाहेब, हैदराबादच्या कंपनीने यावर गोळी काढली आहे म्हणे. ती मिळेल का?”

असा प्रश्न अनेक घरांत असेल, म्हणून उत्तर येथे सविस्तर देतो.

त्या गोळीचे नाव मासुपिर्डिन. ती सुवेन लाइफ सायन्सेस या कंपनीची. आपल्या शरीरात सेरोटोनिन हे रसायन पेशींना निरोप पोचवते. तो निरोप स्वीकारणारे रिसेप्टर सुमारे १४ प्रकारचे असतात. प्रत्येकाचे काम निराळे, म्हणून त्यांतील एकच प्रकार गाठणारे औषध उपयोगी ठरते. उलटी थांबवणारे ओन्डॅन्सेट्रॉन आपल्या परिचयाचे आहे. ते तिसऱ्या प्रकारचा रिसेप्टर अडवते. मासुपिर्डिन सहावा प्रकार अडवते. हा रिसेप्टर मुख्यत्वे मेंदूत असतो. तो अडवल्यास स्मृतीला साहाय्यक असलेले ॲसिटिलकोलीन वाढेल, ही अपेक्षा होती.

अमेरिकेत ५६४ रुग्णांवर, नेहमीच्या डोनेपेझिल व मेमँटिन या औषधांच्या जोडीने, २६ आठवडे ही गोळी तपासली गेली. २०१९ मध्ये निकाल आला: स्मृतीत अपेक्षित सुधारणा झाली नाही. याच रिसेप्टरवरील इडालोपिर्डिन आणि इंटेपिर्डिन ही परदेशी औषधेही २०१६-१७ च्या मोठ्या चाचण्यांत अपयशी ठरली होती. मात्र मासुपिर्डिनची माहिती पुन्हा चाळताना, ज्यांना अस्वस्थपणा व चिडचिड होती अशा रुग्णांत ती कमी झाल्याचे दिसले. निकालानंतर सापडलेली अशी गोष्ट केवळ आशा असते, पुरावा नव्हे. म्हणूनच या एकाच लक्षणासाठी तिसऱ्या टप्प्याची स्वतंत्र चाचणी हाती घेण्यात आली.

तेव्हा चिरंजीवांना मी सांगितले, “प्रायोगिक औषध दुकानात मिळत नाही. कोणी देऊ केले, तर घेऊ नका.” अशा चाचणीत सहभागी होण्याचा प्रस्ताव आला, तर ती भारतीय क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत नोंदलेली आहे का, हे पाहावे. संमतिपत्र मराठीत मागावे. काहींना औषधाऐवजी निरुपद्रवी गोळी दिली जाऊ शकते, हे ध्यानात ठेवावे. इजा झाल्यास उपचार व भरपाई कशी मिळेल, हेही विचारावे.

मग आजींना तपासले. पाच दिवस पोट साफ झाले नव्हते. ते त्यांना सांगता येत नव्हते. अंगावर धावून येणे हीच त्यांची तक्रार होती. त्यावर उपचार केले. दिवस मावळण्याआधीच घरात दिवे लावण्यास सांगितले. ‘घरी जायचंय’ म्हटल्यावर वाद न घालता ‘चला’ म्हणून अंगणात दोन फेऱ्या माराव्यात, असे सुचवले. पंधरवड्याने सूनबाई म्हणाल्या, “रोज नाही, पण बऱ्याच संध्याकाळी शांत असतात.” आजार मात्र तसाच आहे.

आपल्या घरातील वडीलधारी व्यक्ती अचानक चिडचिडी झाली, तर प्रथम बद्धकोष्ठता, लघवीतील जंतुसंसर्ग, दुखणे, अपुरी झोप, ऐकू न येणे आणि नव्याने सुरू झालेल्या गोळ्या यांचा विचार करावा आणि डॉक्टरांना दाखवावे. घरात उरलेली झोपेची गोळी देऊ नये. मनोविकारावरील काही औषधांनी स्मृतिभ्रंशाच्या वृद्ध रुग्णांत पक्षाघाताचा व मृत्यूचा धोका वाढतो. ती केवळ तज्ज्ञांच्या देखरेखीखाली घ्यावीत.

नवे औषध सिद्ध होईल तेव्हा त्याचे स्वागत करूच. तोवर आजींची आजची संध्याकाळ आपल्याच हाती आहे.