टेस्टोस्टेरॉन हे हृदयाचे टॉनिक नव्हे



मी गेली अठरा वर्षे पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतो. गेल्या महिन्यात चाळिशीतले एक गृहस्थ रक्त द्यायला आले. हेमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण, ५६ टक्के आले. मशीन चुकले असेल म्हणून कॅपिलरी नळी फिरवून पाहिली, तर तांबड्या पेशींचा थर निम्म्याच्या वर चढलेला. विचारल्यावर कळले, जिमच्या ट्रेनरच्या सांगण्यावरून टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने चालू आहेत. "त्याने हार्टही मजबूत होतं, अमेरिकेत सिद्ध झालंय," असे त्यांना सांगितले होते.

असे काहीही सिद्ध झालेले नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या 'ट्रॅव्हर्स' चाचणीत पाच हजारांहून अधिक पुरुष होते. वय ४५ ते ८०, टेस्टोस्टेरॉन खरोखर कमी, आणि हृदयविकार असलेले किंवा त्याचा मोठा धोका असलेले. हार्ट अटॅक, पक्षाघात किंवा हृदयविकाराने मृत्यू यांचे प्रमाण हार्मोनचे जेल लावणाऱ्यांत ७.० टक्के, नुसते जेल लावणाऱ्यांत ७.३ टक्के. म्हणजे धोका वाढला नाही, पण संरक्षणही मिळाले नाही. उलट हृदयाचे ठोके अनियमित होणे आणि फुप्फुसात गुठळी अडकणे हार्मोन घेणाऱ्यांत जास्त दिसले. तेही वारंवार रक्त तपासून डोस ठरवत असताना! जिममधल्या निरोगी माणसाला या चाचणीने कसलीच हमी दिलेली नाही.

हार्मोनने हृदय वाचवण्याचा प्रयत्न आधीही फसला आहे. बायकांना हृदयविकार उशिरा होतो, या तर्काने १९६०च्या दशकात अमेरिकेत हार्ट अटॅक येऊन गेलेल्या पुरुषांना इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन दोन वेगवेगळ्या डोसमध्ये देऊन पाहिले होते. दोन्ही डोस मध्येच बंद करावे लागले.

हृदयरोग्यांत टेस्टोस्टेरॉन अनेकदा कमी आढळते, हे खरे. पण सुटलेले पोट आणि मधुमेह यांनीही ते खाली येते. वजन उतरले की बऱ्याच जणांचे आपोआप वाढते. बाहेरून हार्मोन घेतले की मात्र शरीर स्वतःचे बनवणे थांबवते आणि शुक्रजंतू घटतात. हे जिममध्ये अशी इंजेक्शने घेणाऱ्या तरुण मुलांना कोणी सांगतच नाही.

औषधविक्रेत्यांनी चिठ्ठीशिवाय ही इंजेक्शने देऊ नयेत. आणि जे घेत आहेत त्यांनी याच आठवड्यात हेमॅटोक्रिट व रक्तदाब तपासून घ्यावा. हेमॅटोक्रिट ५४ च्या वर असेल तर पुढचे इंजेक्शन घेण्याआधी डॉक्टरांना गाठावे.

— एक लॅब टेक्निशियन, सातारा