विकलेल्या गाडीचा इन्सेन्टिव्ह हा पगारच

पिंपरी-चिंचवडच्या वाहन शोरूममध्ये विक्रीवर असलेल्या कुणालाही विचारा, घर मूळ पगारावर नाही, इन्सेन्टिव्हवर चालते. त्यासाठीच तो रविवार सोडतो, दसऱ्याला सकाळपासून जेवणाची शुद्ध न ठेवता डिलिव्हऱ्या देतो. आणि नोकरी सोडली की नेमके तेच पैसे अडवले जातात. 'पेआउटच्या तारखेला तू रोलवर नव्हतास', एवढेच उत्तर. सणाच्या विक्रीचा हिशेब दोन-दोन महिने उशिरा निघतो. मध्ये राजीनामा दिला की सगळी मेहनत मालकाच्या खिशात.

कासारवाडी परिसरातल्या एका वितरकाने माझ्याबाबतीत हेच केले. राजीनामा दिला त्याच संध्याकाळी लॉगिन बंद झाले, व्हॉट्सॲप ग्रुपमधून नाव निघाले. कोणत्या गाड्या मी विकल्या आणि इन्सेन्टिव्हचा स्लॅब काय ठरला होता, हे त्या दोन ठिकाणीच नोंदलेले होते. 'फुल अँड फायनल'च्या कागदावर इन्सेन्टिव्हपुढे शून्य, आणि त्यावर सही केल्याशिवाय अनुभवपत्र मिळणार नाही असे तोंडी सांगितले गेले.

बुकिंग रद्द होते, कर्ज नामंजूर होते, असे वितरक म्हणतात. खरे आहे, आणि रद्द बुकिंगचे पैसे कुणी मागतही नाही. पण बँकेची रक्कम जमा झाली, गाडीला नंबर मिळाला, गिऱ्हाईक पेढे वाटून गाडी घेऊन गेले, तिथे विक्रेत्याचे काम संपले. पुढे तो कुठे नोकरी करतो याचा त्या कमाईशी संबंध काय?

कायद्यानेही विक्रीवाल्यांची परवडच केली आहे. 1994 मध्ये सॅन्डोझ कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने औषध प्रतिनिधी 'कामगार' या व्याख्येत बसत नाहीत असे ठरवले. आधार उरला तो 1976 च्या विक्री संवर्धन कर्मचारी कायद्याचा. तो 2011 मध्ये वाहन, रंग, विजेची उपकरणे अशा आणखी दहा उद्योगांना लागू झाला. निदान औद्योगिक विवाद कायद्यात विक्रीवाढीचे कमिशन वेतनातच धरले होते. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेने मात्र ते व्याख्येतून वगळले. वगळलेल्या रकमा एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाल्या, तर तेवढा वरचा भाग वेतनात धरायचा, इतकीच सवलत. राजीनाम्यानंतर दोन कामाच्या दिवसांत वेतन चुकते करा, हा त्याच संहितेतला चांगला नियम. पण ज्या पैशावर घर चालते तो या नियमाबाहेर, असे म्हणायला मालक मोकळा.

केंद्राने कमिशन वेतनाच्या व्याख्येत परत घ्यावे. ते होईपर्यंत राज्याच्या कामगार विभागाने इन्सेन्टिव्हचा दर, तो केव्हा कमावला असे धरायचे आणि देण्याची तारीख नेमणूकपत्रात लिहून घ्यायला लावावी. 'रोलवर असण्या'ची अट तर सरळ बेकायदा ठरवावी.

मालकाकडून येणे असलेली रक्कम औद्योगिक संबंध संहितेखाली न्यायाधिकरणाकडे मागता येते, हे शोरूममधल्या फार थोड्यांना माहीत आहे. राजीनामा देण्याआधी डिलिव्हरीचे कागद आणि स्लॅबचे मेसेज आपल्याजवळ घेऊन ठेवा. मी पुण्याच्या कामगार कार्यालयात तक्रार दिली आहे. ज्यांचे पैसे असेच अडकलेत त्यांनीही द्यावी.

— एक विक्री प्रतिनिधी, कासारवाडी