बाप निवडण्याची शर्यत

सप्टेंबर १९४७. देश स्वतंत्र होऊन जेमतेम महिना झाला होता, आणि इंग्लंडात डोंकास्टरच्या मैदानावर 'सयाजीराव' थोडक्यात जिंकले. हे सयाजीराव चार पायांचे होते. बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड यांनी १९४५ साली एक वर्षाचे शिंगरू २८ हजार गिनी मोजून घेतले. एक वर्षाच्या शिंगराला एवढी बोली ब्रिटनमध्ये तोवर लागली नव्हती. त्याला त्यांनी आजोबांचे नाव दिले. सक्तीचे शिक्षण सुरू करणाऱ्या राजाचे नाव घोड्याला देण्यात त्याचा मान राहिला की गेला, हा वाद तूर्त बाजूला ठेवू. या घोड्याची कारकीर्द मोखाडा तालुक्यातल्या खोडाळ्याच्या शेतकऱ्यानेही ऐकण्यासारखी आहे.

एकही शर्यत न धावलेल्या शिंगराला एवढी किंमत का आली? बाप नियार्को इटलीत जन्मलेला, १४ शर्यती धावला आणि १४ही जिंकला. सख्खा भाऊ दांते त्याच वर्षी इंग्लंडची डर्बी जिंकलेला. म्हणजे किंमत घराण्याची होती. पण थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातीच्या घोड्यांच्या जगात घराणे म्हणजे फक्त प्रवेशपत्र. परीक्षा प्रत्येकाला स्वतः द्यावी लागते. सयाजीरावाने ती दिली. १९४७च्या हंगामात गिनीज शर्यतीत तिसरा, डर्बीत तिसरा, मग आयरिश डर्बीत पहिला आणि सुमारे २,९०० मीटरच्या सेंट लेजरमध्ये पहिला. पुढच्या वर्षी आणखी थोडे धावून तो आयर्लंडच्या स्टड फार्मवर गेला. १९६४ साली त्याच्या इंडियाना या मुलाने तीच सेंट लेजर जिंकली. बापाचा निकाल खरा लागला तो तेव्हा, सतरा वर्षांनी.

रेसकोर्स म्हटले की आपल्याला महालक्ष्मी, टोप्या आणि बुकी आठवतात. जुगार हा या खेळाचा एक भाग आहे, पण मुळात ही शर्यत बाप निवडण्यासाठी आहे. म्हणूनच इंग्लंडच्या डर्बीत खच्ची केलेल्या घोड्याला प्रवेश नाही. ज्याला पुढे संतती होणार नाही, त्याची परीक्षा घेऊन करायचे काय? विजेता नर दोन-तीन हंगाम धावतो आणि उरलेले आयुष्य बाप म्हणून जगतो. इंग्लंडचा फ्रँकेल हा घोडाही नियार्कोच्याच वंशातला. तोही १४ पैकी १४ जिंकला. न्यूमार्केटच्या ज्या वॉरन प्लेस तबेल्यात तो तयार झाला, तो एके काळी याच गायकवाडांचा होता. फ्रँकेल स्टडवर गेला तेव्हा एका घोडीमागे त्याच्या मालकाला सव्वा लाख पौंड मिळत. आणि हे सगळे नैसर्गिक रेतन. थरोब्रेडमध्ये कृत्रिम रेतनाच्या शिंगराची नोंदच होत नाही.

आता खोडाळ्याकडे येऊ. मोखाडा, जव्हार, इगतपुरी, अकोले आणि पलीकडचा डांग हा डांगी गुरांचा मुलूख. पांढऱ्या अंगावर काळे किंवा तांबडे ठिपके, काळे टणक खूर, आणि कातडीतून असा तेलकट स्राव की मुसळधार पावसात पाणी अंगावरून निथळून जावे. चार महिने धो धो पाऊस, भाताच्या खाचरात गुडघाभर चिखल आणि वरकस माळावर नाचणी-वरई. या कामाला हेच जनावर टिकते. ते कोणी प्रयोगशाळेत घडवलेले नाही. या डोंगरातल्या माणसांनी पिढ्यान् पिढ्या निवडून निवडून ते राखले.

पण ही निवड आज उलटी चालते. गोऱ्हा अंगाने भरला, चालीला सरळ निघाला, खूर चांगले दिसले की दोन-अडीच वर्षांत तो खच्ची होतो आणि जुवाला लागतो. नाही तर घोटीच्या बाजारात त्याला चांगला भाव येतो. जो किरकोळ राहिला, ज्याला कोणी जोडीला घेत नाही, तो कळपात मोकळा हिंडतो. पुढच्या वर्षीच्या वासरांचा बाप तोच. इंग्लंडात पहिला आलेला बाप होतो. आपल्याकडे पहिल्या नंबरला खच्ची करून नापासाला बाप केले जाते. असे दहा-वीस वर्षे चालले की जात उतरते, आणि मग आपणच म्हणतो, डांगीत आता दम राहिला नाही.

यात शेतकऱ्याला वेडा ठरवण्याचे कारण नाही. मृग निघाला की त्याला खाचरात चिखलणीला जोडी हवी असते, वंशावळ नव्हे. वळू सांभाळायचा तर वर्षभर चारा एका घराचा आणि वासरे साऱ्या गावाची. फ्रँकेलच्या मालकाला सव्वा लाख पौंड. इथल्या वळूच्या मालकाला पिकात शिरल्याबद्दल शिव्या. गावाने देवाला वळू सोडण्याची जुनी रीत होती, त्यात निदान त्याचा चारा सगळ्यांच्या वाट्याला यायचा. ती रीत बहुतेक ठिकाणी मोडली, आणि तिच्या जागी दुसरे काही आले नाही.

घोडेवाल्यांचे सगळेच उचलावे असे मात्र नाही. जगातल्या बहुतेक सर्व थरोब्रेड घोड्यांची बापाकडची साखळी १७०४च्या सुमारास सीरियातून इंग्लंडात आलेल्या डार्ले अरेबियन या एकाच घोड्यापर्यंत पोचते. जिंकणाऱ्याच्याच मागे सगळे लागले की रक्त असे आकसते. शिवाय जिंकणारा बाप जिंकणारीच मुले देतो असेही नाही. अमेरिकेचा सेक्रेटॅरिएट १९७३ साली बेलमाँट शर्यत ३१ घोड्यांच्या लांबीइतक्या अंतराने जिंकला. त्याची बरोबरी करणारा मुलगा त्याला झाला नाही. म्हणून एका गावाचा नामी वळू साऱ्या तालुक्यात फिरवण्यापेक्षा प्रत्येक गावाने आपला चांगला वळू राखावा आणि काही वर्षांनी तो पुढच्या गावाशी बदलावा.

घ्यायची ती त्यांची वही. इंग्लंडचे स्टड बुक १७९१पासून लिहिले जाते. भारतातल्या घोड्यांचे पुण्यातून चालते. कोणाचा कोण, कोणत्या सालचा, हे त्यात पाहता येते. डांगीला बैलगाड्याच्या शर्यतीत पळवा असे आम्ही म्हणत नाही. त्याची शर्यत खाचरात रोज होतेच. चिखलात किती वेळ टिकतो, पावसात आजारी पडतो का, स्वभाव कसा, आईचे दूध किती, एवढे गुराख्याला विचारले तरी कळते. अडचण इतकीच की ते गुराख्याच्या डोक्यात राहते आणि त्याच्याबरोबर जाते.

आता जनावराच्या कानात १२ अंकी पिवळा बिल्ला आला आहे. अनुदान, लसीकरण, खरेदी-विक्री सगळे त्या आकड्यावर. त्याच नोंदीत कळपात जन्मलेल्या वासराच्या बापाचाही बिल्ला क्रमांक लिहायला सुरुवात करता येईल. त्याला वेगळी योजना लागत नाही, पशुधन पर्यवेक्षकाने गोठ्यात उभे राहून एक प्रश्न जास्त विचारायला हवा.

आणि दुसरे ग्रामपंचायतीने करायचे. गावातला सर्वांत देखणा खोंड खच्ची होण्याआधी त्याच्या मालकाशी बोलावे. बैल म्हणून त्याचे जे पैसे आले असते तेवढे त्याला द्यावेत, आणि चाऱ्याचा भार गावाने उचलावा. आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या पेसा कायद्याचे गाव आहे, ग्रामसभेचा ठराव करणे अवघड नाही. खर्च एका बैलाचा आहे. तो या पावसाळ्याआधी करावा, कारण चांगला गोऱ्हा एकदा खच्ची झाला की त्याचा वंश परत आणण्याची सोय कोणत्याच वहीत नाही.