खाल्ल्या मिठाची इंग्रजी

नातवाने ‘गणिताचा पेपर पीस ऑफ केक होता’ असे सांगितले, तर आजीने डब्यात केक शोधू नये. पेपर अगदी सोपा गेला, एवढाच त्याचा अर्थ. कार्यालयात ‘ब्रेड अँड बटर’ म्हणजे उपजीविका. ‘ब्रिंग होम द बेकन’ म्हणजेही घर चालविण्यापुरते कमावणे. मात्र बेकन हे डुकराचे मांस. हा प्रयोग समजून घ्यावा. स्वतः बोलताना ‘अर्न अ लिव्हिंग’ म्हटल्याने काहीच अडत नाही.

व्यापारी घरातील तरुणांनी ‘कुक द बुक्स’ हा प्रयोग विशेष ध्यानात ठेवावा. यात स्वयंपाक नाही, हिशेबाच्या वह्यांतील लबाडी आहे. भागीदाराने किंवा लेखापरीक्षकाने हे शब्द उच्चारले, तर तो बहुधा आरोपच असतो. अर्थ न कळता हसून मान डोलावणे महागात पडेल. तेथेच खुलासा मागावा आणि वह्या पुढे ठेवाव्यात.

‘सॅलरी’ या शब्दाचे मूळ मिठाच्या लॅटिन नावात आहे. आपणही खाल्ल्या मिठाला जागावे असे म्हणतोच. कामास पुरेपूर लायक माणसाला इंग्रजीत ‘वर्थ हिज सॉल्ट’ म्हणतात. व्यापाऱ्याला ते प्रशस्तिपत्र चोख वह्याच मिळवून देतात.