फॉर लूप म्हणजे घड्याळ नव्हे

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना एक वाईट खोड आहे. समोर काहीही ठेवा, "हे ना, सॉफ्टवेअरमध्ये करून टाकू, चार ओळींचं काम" म्हणून मोकळे! काही वर्षांपूर्वी एका शनिवारी मीही असाच मोकळा झालो होतो.

मित्राचं भोसरीत छोटं वर्कशॉप आहे. नवीन आलेले १० आरपीएम इंडिकेटर तपासायला त्याला ५० हर्ट्झची स्क्वेअर वेव्ह हवी होती. फेरीला एक पल्स, म्हणजे इंडिकेटरवर ३००० दिसायला हवेत. सिग्नल जनरेटर नव्हता. होतं एक स्वस्तातलं यूएसबी डेटा अ‍ॅक्विझिशन कार्ड आणि विंडोज ७ चा म्हातारा लॅपटॉप. मी लूप लिहिला: ५ व्होल्ट, स्लीप(१०), शून्य व्होल्ट, स्लीप(१०). झालं!

इंडिकेटर दाखवतो १९२०. दुसरा लावला, जवळपास तेच. तिसरा, तेच. मी छाती काढून म्हणालो, "लॉटच खराब आहे रे, परत पाठव." त्याने खोकी बांधायलाही घेतली. बनवणारा एकटा माणूस, घरच्या घरी जोडणी करणारा. सगळे एकसारखं खोटं बोलतायत आणि मी एकटा खरा, यात मला काही विचित्र वाटलं नाही!

मग कोणीतरी त्याच लॅपटॉपवर गाणं लावलं आणि आकडा टुणकन वर गेला. गाणं बंद, परत १९२०. आता बोला.

विंडोजचं घड्याळ मुळात साधारण १५.६ मिलिसेकंदांनी टिक करतं. १० मागितले तरी जाग येते पुढच्या टिकला. दोन टिक मिळून एक आवर्तन, म्हणजे ३२ हर्ट्झ. गुणिले ६०, १९२०. इंडिकेटर बिचारे अगदी खरं बोलत होते! गाण्याच्या प्रोग्रामने टिक लहान करून घेतली होती, आणि त्या काळच्या विंडोजमध्ये एकाने केलेला बदल सगळ्यांनाच लागू व्हायचा. (२०२० च्या विंडोज १० पासून तसं होत नाही.)

यावर हमखास दोन सल्ले येतात. पहिला, "स्वस्त कार्ड घेतलंस, भोग." साफ चूक. नॅशनल इन्स्ट्रुमेंट्सच्या यूएसबी-६००८ चा माहितीकागद उघडा. अ‍ॅनालॉग आउटपुट सेकंदाला जास्तीत जास्त १५० वेळा, तेही सॉफ्टवेअरच्या टायमिंगवर, असं सरळ छापलंय. एका आवर्तनाला दोन बदल, म्हणजे ७५ हर्ट्झच्या वर स्वप्नंही बघू नयेत. यात लपवाछपवी कुठे आहे? आपण वाचत नाही, एवढंच. उलट त्याच कार्डाचा इनपुट हार्डवेअरच्या घड्याळावर सेकंदाला १०,००० नमुने घेतो. आउटपुटची एक वायर इनपुटला जोडली असती तर माझं पितळ पाच मिनिटांत उघडं पडलं असतं.

दुसरा सल्ला आपल्याच जातकुळीतल्यांचा: "टायमर रिझोल्यूशन वाढव, थ्रेडची प्रायॉरिटी वाढव." वाढवा की! सरासरी सुधारेल. पण प्रत्येक कड कधी येणार हे ऑपरेटिंग सिस्टिमच्या मर्जीवरच राहणार, आणि अँटीव्हायरसला नेमकी तेव्हाच जाग येणार. ज्याच्यावर दुसऱ्याचा माल पास-नापास करायचा त्या सिग्नलला सरासरी चालत नाही हो.

मग केलं काय? आर्डुइनो उनो. तिथेही डिजिटलराइट आणि डिले नाही, नाहीतर पुन्हा तीच खोड. टायमर-१ ला कामाला लावलं: १६ मेगाहर्ट्झ भागिले ८, दर २०,००० मोजणीला ९ नंबरची पिन उलटी. ५० हर्ट्झ, प्रोसेसर झोपला तरी चालेल. उनोचा रेझोनेटर अर्धा टक्का इकडेतिकडे असू शकतो, तेवढं सोडून देऊ.

खोकी सोडली. ९ इंडिकेटर ३००० च्या अगदी जवळ. दहावा खरंच बिघडलेला होता, तो परत गेला.